साभार परतही न आलेला निबंध

'साभार परत' या दोन शब्दांची दहशत ज्यांनी अनुभवली आहे, अशा लेखकांची पिढी आता विरळ होत चालली आहे. मासिकाकडे कथा पाठवावी, सोबत पुरेशी तिकिटे लावलेले आपल्याच पत्त्याचे पाकीट जोडावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी ते पाकीट आपल्याच अक्षरातला पत्ता मिरवत दारात यावे, हा अनुभव अपमानाचा खराच. पण त्यात एक सौजन्यही होते. हस्तलिखित लेखकाच्या हाती परत पडत असे. 'सत्यकथे'ने नाकारलेली कथा दुसरे कोणी छापू शकत असे. नकार हा शेवट नव्हता. विज्ञानाच्या इतिहासात मात्र असा एक निबंध आहे की जो नाकारला गेला आणि परतही आला नाही. तो जिथे लिहिला गेला ते गाव मुंबई. उष्णता म्हणजे काय, वायू दाब का देतो आणि तापल्यावर का प्रसरण पावतो, या प्रश्नांची आज शाळेत शिकवली जाणारी उत्तरे त्यात बऱ्याच अंशी दिलेली होती. मी मराठी साहित्याचा अध्यापक असल्याने भौतिकशास्त्राशी माझे नाते केवळ वाचकाचे आहे. पण एखादे लेखन कोणत्या कारणांनी वाचले जात नाही, हा प्रश्न आमच्याही विषयाचा आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

११ डिसेंबर १८४५ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत हे हस्तलिखित दाखल झाले. मुक्त आणि पूर्णतः स्थितिस्थापक अशा गतिमान रेणूंनी बनलेल्या माध्यमांचे भौतिकी, असा त्याच्या लांबलचक शीर्षकाचा आशय. लेखक जॉन जेम्स वॉटर्स्टन. व्यवसाय, मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील कॅडेट मुलांना शिकवणे. सोसायटीचा तो सभासद नव्हता. आरमाराच्या जलालेखन विभागाचे प्रमुख फ्रान्सिस बोफर्ट, म्हणजे ज्यांच्या नावाने वाऱ्याच्या वेगाची मोजपट्टी आजही ओळखली जाते ते, यांच्यामार्फत हा निबंध सोसायटीपर्यंत पोहोचला होता.

निबंधात काय होते हे समजून घेण्यापूर्वी त्या काळी उष्णतेविषयी लोक काय मानत होते, ते पाहिले पाहिजे. लाव्हाझियेने १७८९ साली मूलद्रव्यांची जी यादी दिली तीत प्रकाशाच्या शेजारी 'कॅलॉरिक' बसले होते. कॅलॉरिक म्हणजे उष्णतेचा द्रव. तो अतिसूक्ष्म असतो, त्याचे कण एकमेकांना दूर ढकलतात, तो निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. फक्त एका वस्तूतून दुसरीत वाहतो. आज हे वाचून हसू येते, पण हसण्यापूर्वी आपली भाषा तपासून पाहावी. उष्णता 'वाहते', लोखंड उष्णतेचे 'वाहक' आहे, खोलीत उष्णता 'साठते', अंगातली उष्णता 'बाहेर पडते'. कॅलॉरिकचे पिंडदान होऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली तरी त्याची क्रियापदे आपल्या तोंडी शिल्लक आहेत. पाठ्यपुस्तकांतील 'वहन' हा शब्दही त्याच घराण्यातला. आणि ही प्रतिमा नुसती कविकल्पना नव्हती. बर्फ वितळताना तापमान न वाढता उष्णता का खर्च होते, हे जोसेफ ब्लॅकने 'सुप्त उष्णते'च्या कल्पनेने मांडले, तेव्हा द्रवाची प्रतिमाच उपयोगी पडली. सादी कार्नो याने १८२४ साली वाफेच्या यंत्राचा अभ्यास करताना उष्णता उंचावरून पडणाऱ्या पाण्यासारखी गरमाकडून थंडाकडे पडते, असे कल्पिले आणि या चुकीच्या रूपकातून तो इतक्या अचूक निष्कर्षांपर्यंत गेला की ऊष्मागतिकीचा दुसरा नियम आजही त्याच्या पायावर उभा आहे. चुकीच्या रूपकातून बरोबर विचार निघू शकतो, ही गोष्ट साहित्याच्या माणसाला सहज पटावी.

वायूच्या बाबतीत मात्र हे रूपक एका मोठ्या गैरसमजाकडे नेत होते. वायूचे कण जागच्या जागी स्थिर आहेत, प्रत्येकाभोवती कॅलॉरिकचे एक आवरण आहे आणि ही आवरणे एकमेकांना रेटत असल्यामुळे वायू भांड्याच्या भिंतींवर दाब देतो, अशी तेव्हाची समजूत होती. वायू म्हणजे जणू कापसाचे गाठोडे. दाबले की दबते, सोडले की फुगते. या चित्रात हालचाल नाही.

दुसरे चित्र अस्तित्वात होते, पण कोनाड्यात पडलेले. डॅनिएल बर्नूली याने १७३८ साली 'हायड्रोडायनॅमिका' या ग्रंथात वायू म्हणजे वेगाने इकडून तिकडे धावणारे कण आणि दाब म्हणजे त्यांच्या अगणित टकरांचा एकत्रित परिणाम, असे मांडून बॉइलचा नियम सिद्ध करून दाखवला होता. शंभर वर्षे त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १८२० साली जॉन हेरापाथ या इंग्रज गणितज्ञाने असाच सिद्धांत रॉयल सोसायटीकडे पाठवला. हम्फ्री डेव्ही यांना त्यातून निघणारी निरपेक्ष शून्याची कल्पना रुचली नाही आणि तो निबंध सोसायटीच्या प्रकाशनात आला नाही. हेरापाथने तो दुसऱ्या नियतकालिकात छापला आणि पुढे त्याने रेल्वेविषयक मासिक चालवले. त्याच्या मांडणीत एक मूलभूत दोष होता. तापमान हे कणांच्या वेगाच्या वर्गावर नव्हे, तर वेगावर अवलंबून असते, असे तो धरून चालला होता.

वॉटर्स्टनचा जन्म १८११चा, एडिंबरोचा. वडिलांचा लाखेच्या कांड्या आणि लेखनसाहित्य तयार करण्याचा व्यवसाय होता. एडिंबरो हे उष्णतेचे गाव म्हणता येईल. ब्लॅक तिथे शिकवत असे. त्याच विद्यापीठात पुढे जॉन लेस्ली आला. उष्णतेच्या प्रारणावर त्याने १८०४ साली ग्रंथ लिहिला होता आणि हवा काढून घेतलेल्या भांड्यात आम्लाच्या साहाय्याने पाण्याचा बर्फ करून दाखवला होता. तरुण वॉटर्स्टनने स्थापत्य अभियंत्यांकडे उमेदवारी करता करता लेस्लीची व्याख्याने ऐकली. त्यानंतर तो लंडनला गेला, रेल्वेच्या मोजणीचे काम केले, बोफर्टच्या हाताखाली आला आणि त्यांच्याच सूचनेवरून १८३९ साली मुंबईची नोकरी पत्करली. स्वतःच्या विचाराला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. पगार पुरेसा, काम बेताचे, आणि उरलेला वेळ आपला. प्राध्यापकी पेशातल्या वाचकांना ही योजना ओळखीची वाटेल.

ज्या मुंबईत तो आला ती कशी होती? बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' १८३२ साली सुरू केले होते. एल्फिन्स्टन संस्थेत ते गणित आणि ज्योतिष शिकवत होते. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही काही काळ त्यांच्याकडे होते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली निघाले होते. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले, आणि त्याच्या ग्रंथालयाचा उपयोग वॉटर्स्टनला होत असे. उष्णतेच्या अभ्यासकाला लागणारी एक वस्तूही मुंबईत समुद्रमार्गे येत होती. अमेरिकेतील बोस्टनहून बर्फ भरलेली जहाजे निघत आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेला तो बर्फ चारेक महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, निम्मा-अधिक शिल्लक राहून इथे उतरत असे. वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही वाटा अडवल्या की काय होते, याचा यापेक्षा भव्य प्रयोग त्या काळी दुसरा नसेल. श्रीमंतांच्या मेजवानीत तो पेल्यात किणकिणत असे. जांभेकरांचे निधन मे १८४६ मधले. म्हणजे मराठी भाषेत आधुनिक विज्ञानाची तोंडओळख करून देण्याचा उद्योग आणि त्या विज्ञानाचे पुढचे पान लिहिण्याचा उद्योग एकाच गावात, एकाच दशकात, काही मैलांच्या अंतरात चालू होते. दोन्ही उद्योग एकट्यादुकट्याचे होते, हेही खरे.

वॉटर्स्टनने आपली कल्पना प्रथम १८४३ साली एका पुस्तकात मांडली. 'थॉट्स ऑन द मेंटल फंक्शन्स' हे त्याचे नाव. लेखकाचे नाव नाही. विषय मेंदू आणि मज्जासंस्था. वायूंचा सिद्धांत आत एका टिपेत. वायूंचा अभ्यास करणारा कोणता माणूस मानसव्यापारांवरचे निनावी पुस्तक उघडून बसणार? ते पुस्तक बुडाले यात नवल नाही. दोन वर्षांनी त्याने तोच विचार विस्ताराने, गणितासह लिहिला. तोच हा निबंध.

त्यातले मूळ चित्र साधे आहे. उन्हाच्या तिरिपेत चिलटांचा थवा नाचताना आपण सर्वांनी पाहिला आहे. थवा जागच्या जागी दिसतो, पण त्यातले एकही चिलट स्थिर नसते. वायू तसाच आहे, असे वॉटर्स्टन म्हणतो. असंख्य सूक्ष्म, कठीण, पूर्णपणे स्थितिस्थापक गोळे सर्व दिशांनी धावत आहेत, एकमेकांवर आणि भिंतींवर आदळत आहेत आणि आदळून वेग न गमावता परतत आहेत. भिंतीवरचा दाब म्हणजे या आदळण्याची बेरीज. आता गोळ्यांचा वेग दुप्पट झाला तर काय होईल? प्रत्येक टक्कर दुप्पट जोराची होईल. शिवाय गोळा भिंतीपाशी दुप्पट वेळा येईल. म्हणजे दाब चौपट. दाब वेगाच्या नव्हे, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आणि ठरावीक आकारमानात कोंडलेल्या वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे प्रयोगांनी ठाऊक होते. तेव्हा तापमान म्हणजे रेणूंच्या वेगाच्या वर्गाची सरासरी, अर्थात त्यांच्या गतीत असलेला जोर. हेरापाथ जिथे चुकला तिथे वॉटर्स्टन बरोबर आहे. उष्णता हा द्रव नाही; ती गती आहे. गरम वस्तूला थंड वस्तू टेकवली की काही 'वाहत' जात नाही. वेगवान रेणू मंद रेणूंना धक्के देतात आणि धक्क्याधक्क्यांतून वेगाची वाटणी होते.

ही वाटणी कशी होते, हा निबंधातला सर्वांत मोलाचा भाग. दोन वेगळे वायू एकत्र केले, एकाचे रेणू जड आणि दुसऱ्याचे हलके, तर दीर्घकाळ टकरा होऊन शेवटी काय स्थिती येईल? सर्वांचा वेग सारखा होणार नाही. जड रेणू मंद राहतील, हलके वेगवान होतील. आणि दोघांचे वस्तुमान गुणिले वेगाचा सरासरी वर्ग, हा गुणाकार समान होईल. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या सोळापट जड आहे, म्हणून त्याच तापमानाला हायड्रोजनचा रेणू त्याच्या चौपट वेगाने धावतो. पुढे क्लॉसियसने १८५७ साली शून्य अंश सेल्सियसला ऑक्सिजनसाठी सेकंदाला ४६१ मीटर आणि हायड्रोजनसाठी १८४४ मीटर असे आकडे काढले. भागाकार करून पाहावा. ऊर्जेच्या समविभाजनाचे हे पहिले विधान मानले जाते. दाब आणि तापमान सारखे असताना समान आकारमानात कोणत्याही वायूचे रेणू सारख्याच संख्येने का असतात, हे आव्होगाद्रोचे अनुमानही यातून आपोआप निघते.

वायू दाबला की तापतो, याचे स्पष्टीकरणही तिथे आहे. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक गरम होते, हे कोणालाही ठाऊक असते. कॅलॉरिकवाले म्हणत, स्पंज पिळावा तसे कॅलॉरिक पिळून बाहेर येते. वॉटर्स्टनच्या चित्रात दट्ट्या रेणूंच्या दिशेने पुढे सरकत असतो. क्रिकेटमध्ये पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू आला त्यापेक्षा अधिक वेगाने परततो. झेल घेणारा हात मागे नेतो तेव्हा चेंडूचा वेग मरतो. पुढे येणारा दट्ट्या ही फलंदाजाची बॅट, मागे जाणारा दट्ट्या हा क्षेत्ररक्षकाचा हात. दाबल्यावर वायू तापतो, पसरू दिल्यावर थंड होतो. यापुढच्या गणितात, म्हणजे वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर काढताना, वॉटर्स्टनच्या हातून चूक झाली. तिच्याकडे पुढे येऊ.

जाता जाता एका शब्दाविषयी. अशा कल्पित वायूला इंग्रजीत दिलेले विशेषण आपण 'आदर्श' या शब्दाने मराठीत आणले, आणि मराठी वाचकाच्या मनात आदर्श विद्यार्थी, आदर्श शिक्षक अशी मालिका उभी राहिली. हा आदर्श वायू पाहिला तर विरक्तांच्या पंथातला निघतो. त्याच्या रेणूंना एकमेकांविषयी ओढ नाही, द्वेष नाही, स्वतःला जागाही जवळजवळ लागत नाही. गाठ पडते ती टकरीपुरती. संसारी वायू तसे नसतात. थंड केले, दाबले की त्यांच्या रेणूंना एकमेकांची ओढ लागते आणि ते द्रवरूप होतात. व्हॅन डेर वाल्स याने १८७३ साली या आसक्तीचा हिशेब मांडला.

निबंध ५ मार्च १८४६ रोजी सोसायटीच्या सभेत वाचला गेला. तो छापण्यायोग्य आहे की नाही, हे ठरवण्याचे काम दोघांकडे होते. लेखी परीक्षणाची पद्धत सोसायटीत १८३०च्या दशकात रुजू लागली होती. एक परीक्षक बेडन पॉवेल, ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक (स्काउट चळवळीच्या संस्थापकाचे वडील). दुसरे सर जॉन विल्यम लबक, बँकर, गणिती आणि भरती-ओहोटीचे अभ्यासक. एका अहवालात निबंध निव्वळ बाष्कळ आहे आणि सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा होता. दुसऱ्या अहवालाने लेखकाचे कौशल्य आणि निरीक्षणांशी जुळणारे आकडे मान्य केले. परंतु ज्या गृहीतावर सारे उभे आहे तेच स्वीकारणे कठीण, असे म्हटले. परिणाम एकच. सोसायटीच्या इतिवृत्तात एक त्रोटक सारांश छापला गेला आणि हस्तलिखित दप्तरात गेले. सभेत वाचलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा, असा नियम होता. वॉटर्स्टनने स्वतःजवळ प्रत ठेवली नव्हती.

परीक्षकांना मूर्ख ठरवणे आज सोपे आहे, आणि अशा कथा सांगताना तसे करण्याची प्रथाही आहे. मला ते अन्यायाचे वाटते. पॉवेल हे उष्णतेच्या प्रारणाचे आणि प्रकाशाच्या तरंगसिद्धांताचे अभ्यासक होते. प्रकाश हा ईथरमधला तरंग आहे, हे तेव्हा नुकतेच मान्य झाले होते. प्रारित उष्णता प्रकाशासारखीच परावर्तित होते, वळते, हे मेलोनीच्या प्रयोगांनी दाखवले होते. सूर्याची उष्णता जर तरंगरूपाने येते, तर उष्णता म्हणजेच तरंग, असे मानण्याकडे जाणत्यांचा कल होता. अशा वेळी कोणी अपरिचित शिक्षक मुंबईहून लिहितो की उष्णता म्हणजे गोळ्यांची धावपळ, आणि त्या गोळ्यांना ना कोणी पाहिले, ना मोजले, ना तोलले. शिवाय वॉटर्स्टनची लेखनशैली दुर्बोध, परिभाषा स्वतःची, चिन्हे स्वतःची. त्याने बर्नूलीचा उल्लेख केला नाही, हेरापाथचाही नाही. जणू या विषयावर त्याच्याआधी कोणी काही लिहिलेच नव्हते. प्रबंध तपासणाऱ्या कोणत्याही माणसाला असा मजकूर पाहून शंका येईल. बाष्कळ म्हणणारा परीक्षक आळशी होता, हे मी मान्य करतो. दुसऱ्याविषयी मात्र इतकेच म्हणेन की तो आपल्या काळाच्या ज्ञानाने बोलत होता.

खरा अपराध नकाराचा नव्हे, दप्तरात ठेवून घेण्याचा आहे. आणि तो एकट्या लंडनचा नाही. रोबेर्ट मायर हा जर्मन डॉक्टर १८४० साली डच जहाजावरून जावाला गेला. उष्ण प्रदेशात खलाशांच्या शिरांतले रक्त अधिक लालभडक दिसते, या निरीक्षणावरून तो उष्णता आणि कार्य यांच्या समतुल्यतेकडे वळला. १८४१ साली त्याने पहिला निबंध पोगेनडॉर्फ या संपादकाकडे पाठवला. पोच नाही, उत्तर नाही, हस्तलिखित परत नाही. ते सापडले संपादकाच्या मृत्यूनंतर, त्याच्या कागदपत्रांत. तो पहिला निबंध सदोष होता, आणि मायरला तो सुधारून १८४२ साली दुसरीकडे छापता आला, म्हणून त्याचे नाव टिकले. वॉटर्स्टनने १८५१ साली ब्रिटिश असोसिएशनच्या इप्सविच येथील अधिवेशनासाठी आपल्या सिद्धांताचा सारांश पाठवला. तोही काही ओळींपुरताच छापला गेला.

दरम्यान काळ पालटला. जूलच्या प्रयोगांनी १८५० पर्यंत उष्णता आणि यांत्रिक कार्य ही परस्परांत रूपांतरित होणारी नाणी आहेत, हे पक्के केले आणि कॅलॉरिकचे आसन डळमळले. १८५६ साली क्रोनिगने आणि १८५७ साली क्लॉसियसने वायूंचा गत्यात्मक सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला. आता कोणी बाष्कळ म्हटले नाही. बोइस बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने आक्षेप घेतला, तोही अभ्यासपूर्ण: रेणू सेकंदाला शेकडो मीटर धावत असतील तर स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास ओसरीवर यायला इतका वेळ का लागतो? (फोडणी अर्थात माझी.) क्लॉसियसने १८५८ साली उत्तर दिले. रेणू वेगाने धावतो खरा, पण एका टकरीपासून दुसऱ्या टकरीपर्यंतचे अंतर अतिशय कमी असल्याने तो गर्दीतल्या माणसासारखा धक्के खात, मागेपुढे होत कसाबसा पुढे सरकतो. त्या उत्तरावर मॅक्सवेलने पुढची इमारत उभारली. आक्षेपाला उत्तर देता आले, कारण आक्षेप छापला गेला होता आणि सिद्धांतही छापला गेला होता. मुंबईच्या निबंधाला एवढे भाग्यही मिळाले नाही.

वॉटर्स्टन मात्र थांबला नव्हता. सूर्य इतकी उष्णता कुठून आणतो? त्यावर उल्का सतत पडत असाव्यात आणि त्यांच्या गतीची उष्णता होत असावी, ही कल्पना त्याने १८५३ साली मांडली. मायरनेही १८४८ साली तसेच सुचवले होते. विल्यम टॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, वॉटर्स्टनची ही कल्पना उचलून धरली. ती चुकीची होती हे पुढे कळले. त्याची चुकीची कल्पना हातोहात घेतली गेली आणि बरोबर कल्पना दप्तरात राहिली, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. एप्रिल १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, तेव्हा हा एकेकाळचा रेल्वेचा मोजणीदार मुंबईतच होता. १८५७ साली नोकरी सोडून तो स्कॉटलंडला परतला आणि साठवलेल्या पैशांवर साधेपणाने राहू लागला. संशोधन चालू होते. १८७८ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्याचे दोन निबंध नाकारले, तेव्हा त्याने त्या संस्थेचे सभासदत्व सोडले. १८ जून १८८३ रोजी तो एडिंबरोतल्या बिऱ्हाडातून फिरायला म्हणून बाहेर पडला, तो परतला नाही. लीथच्या बंदराकडे तो बहुधा पाण्यात पडून बुडाला असावा. हिंदुस्थानात उष्माघात झाल्यापासून त्याला अधूनमधून घेरी येत असे.

तो निबंध सापडला तो एका संदर्भामुळे. १८५८ साली ध्वनीच्या वेगावर लिहिताना वॉटर्स्टनने रॉयल सोसायटीच्या दप्तरात पडून असलेल्या आपल्या लेखनाचा उल्लेख केला होता. ध्वनी हा लॉर्ड रॅले यांचा विषय. 'थिअरी ऑफ साउंड' हा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. तो जुना लेख वाचताना उल्लेख त्यांच्या नजरेस आला, आणि ते स्वतः तेव्हा सोसायटीचे चिटणीस असल्याने दप्तर उघडणे त्यांच्या हाती होते. १८९१ साली हस्तलिखित बाहेर आले आणि १८९२ साली, लिहिल्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, रॅले यांच्या प्रस्तावनेसह छापले गेले. या दिरंगाईमुळे विषयाची प्रगती दहा-पंधरा वर्षे मागे पडली असावी, असा रॅले यांचा अंदाज आहे.

त्याच प्रस्तावनेत त्यांनी तरुण लेखकांना एक उपदेश केला आहे. अपरिचित लेखकाने मोठी झेप घेण्यापूर्वी मर्यादित आवाक्याचे, ज्याचे मूल्य चटकन ठरवता येईल असे काम करून मान्यता मिळवावी; आणि धाडसी तर्कांसाठी विद्वत्सभेपेक्षा दुसरे व्यासपीठ बरे. वॉटर्स्टनने आपला सिद्धांत बर्नूलीच्या विचाराचा विस्तार म्हणून मांडला असता, तर परीक्षकाला बाष्कळ म्हणताना विचार करावा लागला असता, हेही ते सांगतात. व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला शहाणपणाचा आहे. पूर्वसूरींचे स्मरण करावे, हे तर आपल्या परंपरेत ग्रंथारंभीच येते. तरीही ही प्रस्तावना वाचताना मी अस्वस्थ होतो. चूक संस्थेची, आणि उपदेश मात्र बुडालेल्या माणसाच्या नावाने पुढच्या पिढीतल्या अनोळखी लेखकांना. बर्नूलीचे नाव घातल्याने गणितात एका चिन्हाचाही फरक पडला नसता. पडला असता तो परीक्षकाच्या धैर्यात. आणि वॉटर्स्टनपाशी निदान बोफर्ट होते, इंग्रजी भाषा होती, एडिंबरोचे शिक्षण होते. एल्फिन्स्टनच्या वर्गातून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलाने असे काही लिहिले असते, तर ते दप्तरापर्यंत तरी पोहोचले असते का?

आता ती गणितातली चूक. वायूचे रेणू नुसते गुळगुळीत गोळे असतील, तर त्याच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.६७ यायला हवे. हवेसाठी मोजलेला आकडा सुमारे १.४ होता. वॉटर्स्टनचे चुकलेले उत्तर हवेच्या आकड्याच्या जवळ गेले, त्यामुळे त्याला अडचण दिसली नाही. पुढच्यांना दिसली. मॅक्सवेलला ती अखेरपर्यंत छळत राहिली, आणि केल्व्हिनने १९०० साली भौतिकीच्या आकाशातल्या ज्या दोन ढगांविषयी व्याख्यान दिले, त्यांतला दुसरा हाच. नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू दोन अणूंचे असतात, ते गिरक्याही घेतात. पण त्यांच्या आंतरिक कंपनांना ऊर्जेचा वाटा का मिळत नाही, हे पुंज सिद्धांत आल्यावरच उलगडले. गुळगुळीत गोळ्यांसारखे वागणारे वायू मात्र खरोखर आहेत. पाऱ्याच्या वाफेत १.६७ हे गुणोत्तर १८७६ साली मिळाले होते. आणि १८९४ साली रॅले आणि रॅम्झी यांनी हवेत दडलेला एक नवा वायू शोधला, तेव्हा त्यातल्या ध्वनीच्या वेगावरून काढलेले गुणोत्तर पुन्हा तेवढेच आले. तो आर्गॉन. हवेत तो सुमारे एक टक्का आहे, म्हणजे वॉटर्स्टनने मुंबईत घेतलेल्या प्रत्येक श्वासात तो होता. त्याचे अणू जड असल्याने मंद धावतात, त्यामुळे तो हवेपेक्षा उष्णतेचे वहन कमी करतो. थंड प्रदेशांत खिडक्यांच्या दुहेरी काचांमध्ये हल्ली तो भरला जातो तो याचसाठी.